उन्हाळा, घर आणि दोन लहान मुलं: सात दिवसांची घडी कशी बसवायची?

दुपारसावली (धागाकर्ती)

एक मूल ४ वर्षांचं, दुसरं १८ महिन्यांचं. शाळा बंद, बाहेर कडक ऊन आणि सलग सात दिवस घरी. या धाग्यावर मला खेळांची यादी नकोय. ती कुठेही मिळते, आणि त्यातले बरेच खेळ दहा मिनिटांत संपतात. आवरायला मात्र अर्धा तास लागतो. मला विचारायचंय ते दिवसाच्या रचनेबद्दल.

माझं मत आधी मांडते. असा आठवडा विस्कटतो तो खेळ कमी पडतात म्हणून नाही. दोन मुलांची दोन घड्याळं असतात, त्यात उन्हाचं तिसरं, आणि ती तिन्ही जुळत नाहीत म्हणून विस्कटतो. धाकट्याला दुपारी दीड-दोन तास झोप हवी. मोठं झोपत नाही, पण तीनच्या सुमारास तेही दमतं आणि मग साध्या गोष्टीवरून रडतं. बाहेर जाण्याजोगा वेळ म्हणजे सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि नेमका संध्याकाळीच स्वयंपाक असतो.

तर जाणकारांनी सांगावं. वेळा किती घट्ट ठेवायच्या? पाण्याचा खेळ रोज चालेल का, आणि दीड वर्षाच्या मुलासाठी तो सुरक्षित कसा करायचा? धाकटं झोपलेलं असताना मोठ्याचं काय करायचं?

खडूफळा

चार खुंट्या ठोका, बाकीचं सैल सोडा. सकाळी उठणं, धाकट्याची दुपारची झोप, संध्याकाळची आंघोळ आणि रात्री दिवा मालवणं. या चार वेळा सातही दिवस अर्ध्या तासापेक्षा जास्त सरकू देऊ नका.

हिशेब धाकट्यापासून सुरू करा. दीड वर्षाचं मूल सकाळी उठल्यापासून साधारण पाच-साडेपाच तास नीट जागं राहतं. साडेसहाला उठलं तर बाराच्या आसपास ते झोपायला हवं, म्हणजे जेवण सव्वाअकराला. इथेच गडबड होते. जेवण साडेबाराला ठेवलं की मूल ताटावर पेंगतं, अर्धपोटी झोपतं आणि पाऊण तासात भुकेने उठतं. मग संध्याकाळी पाचला पुन्हा डुलकी, आणि रात्रीचे दहा वाजतात. दुपारची झोप तीन-साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नका, हळूच उठवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी १० ते १३ तास झोप सांगितली आहे, दुपारची धरून. मोठं दुपारी झोपत नसेल तर त्याचे हे सगळे तास रात्रीतच भरायला हवेत. उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत असतो म्हणून त्याचं झोपणं लांबतं, पण पहाटे उजाडलं की ते उठतंच. खिडकीला जाड गडद कापड लावा, विशेषतः पूर्वेच्या.

टाचणी

खडूफळा, झोपेच्या हिशेबाशी सहमत, पण घड्याळ नको. चार वर्षांच्या मुलाला 'सव्वाअकरा' कळत नाही, 'जेवणानंतर गोष्ट, गोष्टीनंतर झोप' हे कळतं. वेळ सांभाळण्यापेक्षा क्रम सांभाळा. एखादा दिवस अर्धा तास सरकला तरी क्रम तोच असेल तर मूल गोंधळत नाही.

जाड कागदाची सहा कार्डं करा: न्याहारी, बाहेर, पाणी, जेवण, शांत वेळ, आंघोळ. शब्द नकोत, चित्रं काढा. दोरीला चिमट्याने लावा, आणि झालेलं कार्ड मोठ्या मुलालाच काढू द्या. 'आता पुढे काय?' या प्रश्नाचं उत्तर दोरी देते.

पाणपोई

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

लहान मूल अगदी काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. ओरडणं, हातपाय आपटणं यातलं काहीच होईल असं धरू नका. त्यामुळे 'शेजारच्या खोलीत कान आहे' याला पाण्याच्या बाबतीत अर्थ नाही. मोठं माणूस हात लांबवला की मूल हाताशी येईल इतक्या अंतरावर बसलेलं हवं आणि फोन आत ठेवलेला हवा. चार वर्षांच्या मुलाला 'जरा बाळाकडे बघ' असं सांगून उठायचं नाही.

टबपेक्षा अर्धी भरलेली बादली जास्त धोक्याची. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं, आणि त्याच्या वजनाने भरलेली बादली कलंडत नाही. खेळ संपला की टब, बादली, पाण्याचा मग असं सगळं लगेच रिकामं करून पालथं घाला. 'झाडांना घालू नंतर' म्हणून ठेवू नका.

मांडणी अशी: उथळ पसरट टब, पाणी दीड वर्षाच्या मुलाच्या घोट्यापर्यंत, सावलीत. खाली रबरी चटई, कारण फरशी ओली झाली की बहुतेक वेळा तिथेच पडणं होतं. रबरी नळीने भरत असाल तर पहिलं पाणी आधी बाजूला सोडून द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी कातडी भाजण्याइतकं तापलेलं असू शकतं. तेच टबाचं: उन्हात तापलेल्या टबाच्या कडा आधी हाताने तपासा.

रोज चालेल का? चालेल, २० ते ३० मिनिटं. ओठ निळसर दिसले किंवा अंग थरथरलं की बाहेर काढा. हवा गरम असली तरी लहान मुलांचं अंग ओलं राहून लवकर गार पडतं.

निळीशाई

पाणपोईंच्या प्रतिसादाला +१. पाण्यात काय द्यायचं तेवढं जोडतो: वेगवेगळ्या मापाची चार भांडी, एक चाळणी, एक नरसाळं, एक जाड स्पंज. बस. मोठं मूल 'या मगात किती वाट्या मावतात' मोजत बसतं, धाकटं ओतत बसतं. खेळणी जास्त टाकली की भांडणं सुरू होतात.

कोपरा

खेळण्यांच्या संख्येवरून आठवलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता. त्यात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली.

आठवड्यासाठी याचा सरळ उपयोग आहे. रविवारी रात्री खेळण्यांचे तीन खोके करा. एक बाहेर, दोन दाराआड. सोमवार-मंगळवार पहिला, बुधवार-गुरुवार दुसरा, मग तिसरा. आवडती बाहुली किंवा पांघरूण या फेऱ्यांतून वगळा, ते रोज लागतंच. खोका बदलायचा तो मुलं झोपल्यावर. समोर बदलला तर तिन्ही उघडले जातात.

मोजपट्टी

प्यायचं पाणी किती? दोघंही खेळात प्यायला विसरतात.

पारिजातक

मोजपट्टी, १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला एकूण १.३ लिटर आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांना १.७ लिटर हा प्रचलित अंदाज आहे. 'एकूण' म्हणजे दूध, पाणी आणि जेवणातलं पाणी धरून. कडक उन्हात किंवा धावपळ झाली तर याहून जास्त लागतं. पण लिटर मोजत बसू नका, लघवी बघा. फिकट पिवळी आणि दर तीन-चार तासांनी होत असेल तर ठीक. गडद, उग्र वासाची किंवा सहा तास लंगोट कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय. रडताना अश्रू नसणं, तोंड कोरडं, मूल मलूल, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे.

प्यायला लावायची युक्ती एकच: क्रमाला जोडा. टाचणींच्या दोरीवरचं प्रत्येक कार्ड निघालं की आधी चार घोट. मोठं भांडं समोर धरलं तर मूल तोंड फिरवतं, छोट्या पेल्यातून अर्धा पेला सहज जातं.

हा धागा सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचे पालकही वाचत असतील, म्हणून: त्या वयात पाणी द्यायचं नाही, उन्हाळ्यातही नाही. अंगावरचं किंवा पावडरचं दूध जास्त वेळा द्या. पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं आणि रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

मोजपट्टी

धन्यवाद. आणि घरात मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं तर? रोज एकेक पेला?

पारिजातक

रोजच्यासाठी नको. ते जुलाब-उलट्यांसाठी आहे. धडधाकट मुलाला रोज दिलं तर उगाच मीठ आणि साखर जाते.

लागलंच तर माप नेमकं हवं: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. मीठ जास्त पडणं ही यातली सर्वांत घातक चूक, कारण त्याने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. तयार पुडी असेल तर तीच बरी, पण पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण घाला. लिटरची पुडी अंदाजाने चिमूटभर पेल्यात घालणं चूक. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं.

आणि ऊन बाधलं तर ओळखायचं कसं, हेही लिहून ठेवते. दमून लाल झालेलं मूल सावलीत, पाणी देऊन, अंग पुसून अर्ध्या तासात सुधारायला हवं. अंग तापून ४० °से च्या पुढे, मूल गुंगीत, असंबद्ध, उलट्या किंवा झटके असं दिसलं तर ती आणीबाणी आहे. मदत बोलवा आणि ती येईपर्यंत कपडे काढून अंग ओलं करून वारा घाला. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषध इथे काम करत नाही. आजारातल्या तापात मेंदूच तापमानाची पातळी वर नेतो आणि औषध ती खाली आणतं. उन्हाने चढलेल्या तापमानात ती पातळी बदललेलीच नसते, शरीर बाहेरून तापलेलं असतं.

फिरकी

एक ओळ यात घालायलाच हवी: बंद गाडीत मुलाला एक मिनिटही सोडू नका, काच फटीएवढी उघडी ठेवूनही नाही. आतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या ३ ते ५ पट वेगाने तापतं. घरी उभ्या गाडीलाही कुलूप लावा, किल्ली वर ठेवा. लपाछपीत मुलं आत शिरतात.

टाचणी

फिरकी, हे बरं केलंत. कुलुपाचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गवतफूल

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिला: धाकटं झोपल्यावर मोठ्याचं काय? माझ्या मते दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ तोच आहे. मोठ्याला पूर्ण लक्ष मिळण्याची ती एकच संधी. पहिली २० मिनिटं त्याच्याबरोबर बसा आणि काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या. त्यानंतर ४५ मिनिटं 'शांत वेळ'. झोप नाही, पण अंथरुणावर पुस्तकं, चित्रं, अंधारलेली खोली. चार वर्षांच्या मुलाला सवय नसेल तर पहिल्या दिवशी १० मिनिटंच ठेवा, रोज ५-१० वाढवा. पहिल्याच दिवशी पाऊण तास मागितला तर ते दर तीन मिनिटांनी बाहेर येईल.

दुपारसावली

गवतफूल, हे पटलं. पण स्क्रीनचं काय? तो तासभर दाखवायचाच असेल तर सोयीची वेळ हीच, नाही का? धाकटं झोपलेलं असतं.

गवतफूल

नाही. सोयीची वेळ संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी. दुपारचा एकट्याचा वेळ स्क्रीनला देऊन टाकला तर मोठ्याला दिवसभरात पालक मिळतच नाही.

खडूफळा

इथे मी धागाकर्तीच्या बाजूने. मघाशी उल्लेख केलेल्या मार्गदर्शनात २ ते ४ वर्षांसाठी जास्तीत जास्त १ तास, कमी असेल तर उत्तम, आणि १ वर्षाच्या मुलांसाठी स्क्रीन नकोच असं म्हटलं आहे. संध्याकाळी लावलं की १८ महिन्यांचं मूलही समोर येऊन बसतं. एकाला दाखवायचं आणि दुसऱ्याला नाही, हे एका खोलीत जमत नाही. दुपारी धाकटं झोपलेलं असतं, प्रश्नच मिटतो. शिवाय झोपायच्या आधीच्या तासात झगमगता पडदा नको.

गवतफूल

धाकट्याबद्दलचा मुद्दा मान्य. मग तडजोड: पहिली २० मिनिटं पालक, मग अर्धा तास शांत वेळ, आणि धाकट्याच्या झोपेची शेवटची २५-३० मिनिटं स्क्रीन. सुरुवातीला नाही. सुरुवातीला दाखवलं की बंद करताना रडणं होतं आणि त्या रडण्याने धाकटं उठतं. शेवटी असेल तर 'बाळ उठलं, बंद' हा शेवट आपोआप येतो.

कोपरा

हा क्रम खूपच चांगला आहे. आवाज मात्र हळू, आणि 'एकामागोमाग आपोआप पुढचं' ही सोय बंद करून ठेवा.

रांगोळीठिपका

दोघांच्या भांडणाबद्दल कोणीच लिहिलं नाही. बरीच भांडणं जागेची असतात. मोठं मूल ठोकळ्यांचा मनोरा रचतं, धाकटं येऊन पाडतं. इथे सगळे धाकट्याला कठड्याच्या आत ठेवतात आणि ते रडतं. उलटं करा: मोठ्याला त्याच्या बारीक वस्तूंसकट कठड्याच्या आत बसवा, धाकट्याला खोली मोकळी. मोठ्याला ते 'माझं घर' वाटतं, धाकट्याला फिरायला मिळतं आणि बारीक तुकडे त्याच्या तोंडापासून लांब राहतात.

कोणते तुकडे बारीक? खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्याने होते. त्यात जे पूर्ण बसतं ते घशात अडकू शकतं. घरी कागदी गुंडाळीच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होते. बटणासारख्या बॅटऱ्या आणि पाण्यात फुगणारे मणी तर घरातच नकोत. मणी पोटात गेले तर आतड्यात फुगून वाट अडवतात.

पाळी ठरवायला वाळूचं घड्याळ, ३ मिनिटांचं. धाकट्याला 'तुझी पाळी नंतर' कळत नाही, पण खाली पडणारी वाळू बघत ते थांबतं.

जलतरंग

बर्फाचा खेळ सांगतो, उन्हाळ्यात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त वेळ टिकतो. आयताकृती डब्यात दोन बोटं पाणी घालून गोठवा, वर प्लॅस्टिकचे मोठे प्राणी (नळीतून न जाणारे) ठेवा, पुन्हा पाणी घालून रात्रभर गोठवा. एकदम भरलं तर हलके प्राणी तरंगून सगळे वरच येतात, म्हणून दोन थर. सकाळी परातीत काढा. मोठ्याला कोमट पाण्याचा पेला, चमचा आणि थोडं मीठ द्या. मीठ पडतं तिथे बर्फाला खड्डे पडतात, कारण खारं पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही. धाकट्याला मीठ देऊ नका, नुसता ओला ब्रश.

दोन गोष्टी बिघडतात. फ्रीजरमधून काढलेला कोरडा ढेकूळ ओल्या बोटाला चिकटतो, म्हणून आधी त्यावर पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. आणि शेवटी उरलेले छोटे खडे धाकट्याच्या तोंडात जातात, म्हणून ढेकूळ मुठीपेक्षा लहान झाला की उचला.

निळीशाई

अवांतर: साबणाचे फुगे दुपारी का टिकत नाहीत? मिश्रण तेच, सकाळी मोठे होतात, दुपारी नळीवरच फुटतात.

जलतरंग

अवांतर नाही, आठवड्याच्या आखणीत याची जागा आहे. फुग्याचं कातडं म्हणजे साबणात धरलेला पाण्याचा पातळ पडदा. कोरड्या गरम हवेत त्यातलं पाणी उडतं, पडदा विरतो. म्हणून फुगे सकाळी नाहीतर पाऊस पडून गेल्यावर. मिश्रण: ६ भाग पाणी, १ भाग भांड्यांचा द्रव साबण, पाव भाग ग्लिसरीन. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. हळू ढवळा, फेस नको. रात्रभर झाकून ठेवलं तर जास्त चांगलं होतं. फरशीवर खेळू नका, निसरडी होते. माती किंवा गवत बरं.

मोजपट्टी

घरी मळलेली चिकणमाती चालेल का? नेहमीचं माप: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ मोठे चमचे तेल, दीड वाटी उकळतं पाणी.

पारिजातक

मोठ्याला चालेल. १८ महिन्यांच्या मुलाला अजिबात नको; त्यात एक वाटी मीठ आहे आणि या वयात सगळं तोंडात जातं. त्याला मिठाशिवायचा गोळा द्या, रंग न घालता, आणि त्याच दिवशी टाकून द्या. मीठच तो टिकवत असतं, त्यामुळे बिनमिठाचा गोळा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो. मोठ्याचा गोळा झाकणाच्या डब्यात, टेबलावर, धाकटं झोपल्यावरच बाहेर.

जलतरंग

याच जागी कॉर्नफ्लॉर आणि पाणीही चालतं: २ वाट्यांना १ वाटी. मुठीत दाबलं की घट्ट, सोडलं की वाहतं. पण उरलेलं मोरीत ओतू नका. पीठ खाली बसून नळी तुंबते. पसरून वाळवा आणि कचऱ्यात टाका.

वळचण

घर गार ठेवण्याचा मुद्दाही रचनेतच येतो, कारण दुपारची झोप त्यावर अवलंबून आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की, म्हणजे सकाळीच, खिडक्या बंद करा; रात्री उघडा. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून सावली केली तर जास्त उपयोग होतो, कारण काचेतून ऊन एकदा आत आलं की उष्णता आतच राहते.

पंखा उपयोगी, पण खोलीचं तापमान ४० °से च्या वर गेलं तर तो अंगावर गरम हवाच फेकतो. तेव्हा ओल्या कापडाने अंग पुसत राहायचं आणि घरातली सर्वांत गार खोली झोपेसाठी ठेवायची. पाण्याच्या कुलरला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो आणि घाम वाळत नाही. पाळण्यावर किंवा बाबागाडीवर कोरडं कापड झाकू नका, आतली हवा कोंडून तापते.

खिडक्या उघड्या राहणार म्हणून आणखी एक: पलंग, खुर्ची, खोका खिडकीपासून लांब. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. फट १० सेमीपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर लावा.

गवतफूल

घामोळ्यांसाठी पावडर नको, हेही यात लिहा. बारीक पूड श्वासात जाते. कोमट-गार पाण्याने आंघोळ, घड्यांमधलं पाणी टिपून घेणं आणि सैल सुती कपडे एवढं पुरतं.

फिरकी

टाचणी आणि खडूफळा यांच्या वादात माझी भर. घड्याळ चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, पण सावली कळते. अंगणात उभं राहून बघायचं: सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे, घरात जायचं. लांब असेल तर बाहेर चालेल. मोठं मूल स्वतः पाऊल टाकून मोजतं, आणि 'का जायचं नाही?' हा वाद मिटतो.

वळचण

फिरकी, सकाळी हे अगदी बरोबर. संध्याकाळी एवढ्यावर विसंबू नका. ऊन दुपारी बाराच्या आसपास सर्वांत तीव्र, पण हवा सर्वांत गरम तीन-चारला असते, आणि फरशी-भिंती त्याहून उशिरापर्यंत तापलेल्या राहतात. पाचला सावली लांब असते आणि घसरगुंडीवर मांडी भाजते. संध्याकाळी दुसरी परीक्षा: हाताची मागची बाजू जमिनीवर किंवा घसरगुंडीवर ५ सेकंद टेकवा. टेकवता येत नसेल तर मुलाला तिथे सोडू नका.

पाणपोई

आणि सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी १५ ते ३० मिनिटं, दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीच, क्रीम नाही.

दुपारसावली

सगळ्यांचं वाचून एक दिवस मांडून बघितला. चुका काढा.

साडेसहाला उठणं, पेलाभर पाणी, न्याहारी. साडेसात ते नऊ बाहेर, सावली आखूड होईपर्यंत, फुगे यातच. नऊनंतर खिडक्या बंद, कोपरांचा खेळण्यांचा खोका. दहाला काहीतरी खाणं, मग पाण्याचा टब अर्धा तास. सव्वाअकराला जेवण, बाराला धाकट्याची झोप. मोठ्याला २० मिनिटं माझ्याबरोबर, अर्धा तास शांत वेळ, शेवटी स्क्रीन. दोनच्या सुमारास दोघांचं खाणं आणि बर्फ. चार ते पाच गोष्टी, गाणी. साडेपाचला अंगण. सहाला स्वयंपाक, सातला जेवण, साडेसातला आंघोळ, आठला दिवे बंद. आणि हेच सात दिवस.

खडूफळा

दोन दुरुस्त्या. टब अकराच्या जवळ नेऊ नका. पाण्यातून आलेलं मूल पेंगतं आणि धाकटं जेवणाआधीच झोपेल. सव्वादहाला आटपा. दुसरं, सहाचा स्वयंपाक. तो दुपारी, मोठ्याच्या शांत वेळेत करून थेट फ्रीजमध्ये ठेवा. शिजलेलं अन्न बाहेर २ तास, आणि हवा ३२ °से च्या वर असेल तर १ तासच ठेवायचं. खोल पातेल्यात ठेवू नका, पसरट भांड्यात लवकर गार होतं. संध्याकाळी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करून द्या. सहाला दोन्ही मुलं दमलेली असतात. तेव्हा मोठ्या माणसाचे हात मोकळे हवेत.

रांगोळीठिपका

'हेच सात दिवस' यावर आक्षेप. क्रम तोच ठेवा, पण पाण्याचे दिवस एकाआड एक. टब सोमवार, बुधवार, शुक्रवार. बर्फ मंगळवार, गुरुवार. नाहीतर ओल्या कपड्यांचा ढीग आणि निसरडी फरशी रोजच. चौथ्या दिवसाच्या आसपास मुलांचा नव्याचा उत्साह संपतो आणि मोठी माणसं थकतात, म्हणून गुरुवारी काहीच नवं नको: तोच खोका, तोच बर्फ. शनिवार पूर्ण मोकळा ठेवा, आठवड्यात जे राहिलं ते तिथे जाईल. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर शनिवारी सकाळी एकाने दोघांना बाहेर न्यावं आणि दुसऱ्याने दीड तास झोपावं.

टाचणी

आणि दोरीवरचं 'पाणी' कार्ड मंगळवार-गुरुवारी काढून तिथे 'बर्फ' लावा. मोठं मूल सकाळी दोरी बघूनच विचारायचं थांबेल.

दुपारसावली

केलं. टब सव्वानऊ ते पावणेदहा, सोमवार-बुधवार-शुक्रवार. दहाचं खाणं त्यानंतर. स्वयंपाक साडेबाराला. बर्फाचा डबा रात्री दोन थरांत लावते. एकच शंका उरली: धाकटं दीड तासाऐवजी चाळीस मिनिटांत उठलं तर?

खडूफळा

दार उघडू नका, दिवा लावू नका, दहा मिनिटं थांबा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर झोपेचा एक फेरा संपतो. मूल हलतं, कुरकुरतं आणि बऱ्याचदा परत झोपतं. खरंच रडत असेल तर अर्थात आत जा. तरी जागंच राहिलं तर जबरदस्ती नको, त्या दिवशी रात्रीची झोप अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या, आणि संध्याकाळी चारनंतर डुलकी लागू देऊ नका.

गवतफूल

आणि त्या दिवशी मोठ्याची २० मिनिटं बुडाली असतील तर ती रात्री, धाकटं झोपल्यावर परत द्या. ते विसरलेलं नसतं.